वस्तीवर जाऊ नका म्हणणाऱ्या आमच्या विधी महाविद्यालयाला खुले पत्र

मा. प्राचार्य सर आणि संचालक मंडळाचे सन्माननीय सदस्य,

सप्रेम नमस्कार.

विधी सेवा केंद्राबाबतचं आपलं परिपत्रक सूचना फलकावर लागलं आणि त्याच दुपारी केंद्राच्या खोलीला कुलूप पडलं. केंद्राचं काम यापुढे कॉलेजच्या आवारातच चालेल. कुठल्याही संघटनेच्या किंवा आंदोलनाच्या कामासाठी विद्यार्थी वस्तीवर, पोलीस ठाण्यात, मोर्चात जाणार नाहीत. जातील त्यांची टर्म ग्रँट होणार नाही, म्हणजे परीक्षेला बसता येणार नाही. सोबत दोघांना कारणे दाखवा नोटीस, त्यातली एक माझ्या नावची. तिचं उत्तर मी ऑफिसात दिलं आहे आणि पोच घेतली आहे.

हे पत्र वेगळं आहे आणि ते जाहीर लिहिते आहे, कारण या निर्णयाचा फटका ज्यांना बसणार ती माणसं आपला सूचना फलक वाचायला कधीच येणार नाहीत. कॉलेजचं नाव मुद्दाम गाळलं आहे. अशी परिपत्रकं काढावीशी वाटणारे आपण एकटे नाही, एवढं मला दिसतंय.

मी कैकाडी समाजातली. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, म्हणजे 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींच्या वसाहतीत, तारेच्या आत जन्मले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, पुढे १९११ आणि १९२४ मध्ये तो फास आणखी आवळला गेला. रोज हजेरी द्यायची, परवान्याशिवाय हद्द ओलांडायची नाही. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून हटला, म्हणून त्या दिवशी आम्ही विमुक्त दिन पाळतो. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी नवा कायदा केला आणि पोलिसांच्या नजरेतून आमची माणसं काही सुटली नाहीत. फौजदारी कायद्याच्या एकाही तासाला हा इतिहास आमच्या वर्गात आला नाही. तो मी घरी शिकले. गावात चोरी झाल्याचं कानावर आलं की वडील कामाला जायचे नाहीत. अंगणात खाट टाकून दिवसभर बसून राहायचे, येणाऱ्या-जाणाऱ्या चार लोकांनी बघावं म्हणून. 'अ‍ॅलिबाय', म्हणजे गुन्ह्याच्या वेळी आपण दुसरीकडे होतो हा बचाव, हा धडा सरांनी शिकवायला घेतला तेव्हा मला ती खाटच आठवली.

तर केंद्राबद्दल. लायब्ररीच्या मागची खोली, दोन टेबलं, एक कपाट आणि 'मोफत विधी सल्ला' असा निळा बोर्ड. मी आले तेव्हा तिथे कुणी फिरकत नसे. फिरकणार कसं? पालावर राहणारी बाई कॉलेजच्या गेटवरच्या वॉचमनला काय सांगून आत येणार? कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या नॅकची समिती यायची ठरली की मात्र बॅनर छापला जाई, शेजारच्या चाळीतल्या मावश्यांना खुर्च्यांवर बसवलं जाई, जिओटॅग फोटो निघत आणि फाइल तयार होई. हे आपल्यालाही ठाऊक आहे, सर.

काम सुरू झालं ते भटक्या-विमुक्तांच्या संघटनेचे कार्यकर्ते आम्हाला पहिल्यांदा वस्तीवर घेऊन गेले त्यानंतर. शनिवारी दुपारी आम्ही जायचो, सोबत आपल्याच कॉलेजचे माजी विद्यार्थी असलेले एक वकील असायचे. सुरुवातीला सगळे अर्ज जातीच्या दाखल्याचेच. विमुक्त जाती-भटक्या जमातीचा दाखला हवा तर २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वी महाराष्ट्रात राहत असल्याचा पुरावा लागतो, अनुसूचित जमातीचा हवा तर १९५० च्या आधीचा. ज्यांचे आजे-पणजे गाढवावर बिऱ्हाड लादून हिंडत होते त्यांनी घरपट्टीची पावती कुठून आणायची? काही घरांत जुना कागद म्हणून जो सापडला तो सेटलमेंटचा किंवा पोलिसांचा. ज्या सरकारने एकेका माणसाचे अंगठे घेऊन ठेवले होते, तेच आता विचारतं की तुम्ही इथले कशावरून.

आमचंच उदाहरण घ्या. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत येतात आणि सोलापूर-पुण्याकडे विमुक्त जातीत. एकच आडनाव, एकच देव, सोयरीक दोन्हीकडे. पण अकोल्यातल्या माझ्या मावसबहिणीला कुणी जातीवरून मारहाण केली तर अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा लागतो, मला तसंच मारलं तर लागत नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो, विमुक्त जातीच्या पुरुषाला, तो कोठडीत नसेल तर, आधी उत्पन्नाचा दाखला काढावा लागतो. भटक्या-विमुक्तांसाठी नेमलेल्या रेणके आयोगाचा अहवाल २००८ चा, इदाते आयोगाचाही नंतर येऊन गेला. हा घोळ आहे तिथेच आहे. तो एकेकट्या अर्जाने सुटणार नाही, रेटा लावावा लागेल, आणि रेटा लावणाऱ्यांना आपण 'आंदोलक' म्हणता.

आता ज्या प्रकरणावरून हे सगळं पेटलं त्याबद्दल. साखर कारखान्याच्या मागच्या पालांवरून पहाटे दोन भावांना उचललं. आई दिवसभर ठाण्याच्या बाहेर बसून होती. दुसऱ्या दिवशी कोर्टात हजर करताना अटक दाखवली ती आदल्या संध्याकाळची. बारा तास कागदावरून गायब. राज्यघटनेचं कलम २२ आणि नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ५८ सांगतं की अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करायला हवं. म्हणून सगळी मेख अटकेच्या वेळेत असते, हे कुठलाही फौजदारी वकील सांगेल. माझ्या वर्गमित्राने एवढंच केलं, की त्या आईचा मोबाइल मागून घेतला. पहाटे उचलून नेलं तेव्हा तिने कार्यकर्त्याला लावलेले मिस्ड कॉल त्यात होते, वेळेसकट. त्याचा फोटो काढला, आईला काय काय आठवतं ते तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, खाली तिचा अंगठा घेतला आणि कागद वकिलांच्या हातात दिला. पीसीआर (पोलीस कोठडी) वाढवून मागितला होता, तो मिळाला नाही, दोघे एमसीआरमध्ये (न्यायालयीन कोठडीत) गेले आणि पुढे जामिनावर सुटले. आम्ही त्या कोर्टात तोंड उघडलं नव्हतं. मागच्या बाकावर बसून टिपणं घेत होतो.

त्यानंतर कॉलेजला 'वरून' फोन आला असं आम्ही ऐकलं. कुणाचा, ते मी इथे लिहीत नाही. विमुक्त दिनाच्या मोर्चात आमच्यातले काही जण दंडाला पांढरी फीत बांधून, वही घेऊन कडेला उभे होते, कोणाला ताब्यात घेतलं, किती वाजता, कुठे नेलं, हे टिपण्यासाठी. त्याचेही फोटो आपल्यापर्यंत पोचले. मग परिपत्रक निघालं.

परिपत्रकात कारण लिहिलेलं नाही. आपल्या केबिनमध्ये जी तोंडी सांगितली गेली, त्यांनाच उत्तर देते.

विद्यार्थी म्हणजे वकील नव्हेत, हे पहिलं. मान्य. अधिवक्ता अधिनियमाचं कलम ३३ आम्हाला पाठ आहे. आम्ही कधी वकीलपत्र दाखल केलं नाही, युक्तिवाद केला नाही, कुणाकडून चहासुद्धा घेतला नाही. (खोटं कशाला बोलू, एका आजीने भाकरी-ठेचा दिला तो खाल्ला.) अर्ज लिहून देणं, कागदपत्रं जमवणं, तारीख समजावून सांगणं, यासाठी सनद लागत नाही. उलट बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांत स्पष्ट म्हटलंय की प्रत्येक संस्थेने विधी सहाय्य केंद्र चालवावं, ज्येष्ठ प्राध्यापकाच्या देखरेखीखाली, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी, विधी सेवा प्राधिकरणाच्या, स्वयंसेवी वकिलांच्या आणि त्या भागातल्या संस्था-संघटनांच्या सहकार्याने. १९८७ च्या कायद्याच्या कलम ४ मध्येही विधी महाविद्यालयांतल्या केंद्रांचा उल्लेख आहे, आणि अशा केंद्रांसाठी २०११ चे खास विनियम आहेत. ज्येष्ठ प्राध्यापक म्हणून ज्यांचं नाव केंद्राच्या कागदावर आहे ते सर वस्तीवर एकदाही आले नाहीत, आणि नोटीस आम्हाला.

पोलीस ठाण्यात जायचं नाही म्हणता. नव्या संहितेच्या कलम ३७ प्रमाणे अटक केलेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक ठाण्यात ठळकपणे लावायला हवं. कायद्याच्या विद्यार्थ्याने जाऊन तो फलक वाचला, तर त्यात शिस्तभंग कुठे होतो? फलक लावलेलाच नसेल तर तसं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं कुणी?

दुसरं कारण, आंदोलन म्हणजे राजकारण, आणि कॉलेजने त्यापासून लांब राहावं. सर, आपल्या केबिनमध्ये खुर्चीच्या मागे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा फोटो आहे. १९३५ च्या जूनमध्ये बाबासाहेब मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्याला जाऊन त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. प्राचार्यपदावर असताना केली. आपल्या परिपत्रकाच्या हिशेबाने त्यांची टर्म ग्रँट झाली नसती.

लांबचंही एक उदाहरण देते, कारण आपल्या माहितीपुस्तिकेत 'आंतरराष्ट्रीय दर्जाचं क्लिनिकल शिक्षण' असे शब्द आहेत. अमेरिकेत हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी विभागात चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी १९३० च्या आसपास काळ्या विद्यार्थ्यांना शिकवलं ते वर्णभेदाचा कायदा मोडून काढण्यासाठीच. त्यांचा विद्यार्थी थर्गुड मार्शल १९३३ ला पदवी घेऊन बाहेर पडला आणि १९५४ मध्ये शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटला जिंकला. निदर्शनांत बाजूला उभं राहून पोलिसांची कारवाई टिपणारे विधी निरीक्षकही तिथे १९६८ पासून आहेत, आणि त्यांत कायद्याचे विद्यार्थी असतात. आमच्या पांढऱ्या फिती तिथूनच आलेल्या. आंतरराष्ट्रीय दर्जा हवा असेल तर तो हाही आहे.

मुलींच्या सुरक्षिततेचा मुद्दा मला अर्धा पटतो. अंधार पडल्यावर एकटीने कुणी जाऊ नये, दोघी-तिघींनी मिळून जावं, वकील सोबत असावेत. नियम करा, पाळू. पण सुरक्षिततेच्या नावाखाली मुलांनाही बंदी कशी, ते कळलं नाही. कॉलेजच्या प्रतिमेबद्दल मी काही बोलत नाही.

खरं कारण या सगळ्याच्या खाली आहे असं मला वाटतं. आपल्याला विधी सहाय्य चालतं, पण ते एकेका गरीब माणसावर केलेल्या उपकारासारखं असावं. एखाद्या जमातीवरच संशय घेण्याची जी रीत पडली आहे तिच्याविरुद्ध ते जायला लागलं की नको होतं. मला ही फारकत करता येत नाही. कशी करायची ते कुणी करून दाखवावं.

संहितेचं कलम ४७९ बघा. पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला कच्चा कैदी, जन्मठेप-फाशीचा गुन्हा नसेल तर, शिक्षेच्या कमाल मुदतीच्या एक तृतीयांश काळ आत राहिला की त्याला सोडावं. चांगला कायदा. पण एकापेक्षा जास्त प्रकरणं प्रलंबित असतील तर ही सवलत नाही. ज्या पोराला दर मोठ्या सणाच्या आधी चॅप्टर केसला, म्हणजे शांतता राखण्याची हमी लिहून घ्यायला बोलावतात, आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १२२ खाली सूर्यास्तानंतर संशयास्पद फिरताना सापडला म्हणून धरतात, त्याच्या नावावर किरकोळ प्रकरणांचा ढीग असायचाच. मग त्याला कलम ४७९ कुठून मिळणार? त्यातून जामीन झालाच तर सॉल्व्हंट जामीनदार लागतो, सातबारावाला. पालावर सातबारा कुणाकडे असतो?

आणि हा ढीग माणसाला कुठवर नेतो? २००३ सालच्या महाराष्ट्रातल्या एका दरोडा-बलात्कार-खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांपैकी तिघांची फाशी २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि उरलेल्या तिघांची जन्मठेप वाढवून फाशी केली. ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयाने आपला निकाल मागे घेऊन सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितली. तोवर सोळा वर्षं तुरुंगात गेली होती. एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. शाळेचा दाखला, जन्माची नोंद, गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब वेळेवर गोळा करणं हे आमच्यासारख्यांना जमणारं काम आहे. ते आवारात बसून होत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ चा सुकन्या शांता खटल्याचा निकाल आपण वाचला असेलच. तुरुंगात जातीवरून कामं वाटणारे नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले, आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये म्हणून अर्नेश कुमार निकालातल्या सूचना पाळायला पोलिसांना बजावलं. नियमावली आणि निकाल दिल्लीत लिहिले जातात. आमच्या तालुक्याच्या ठाण्यात ते पाळले जातात का, हे पाहायला कुणीतरी जायला हवं ना?

आणि परभणी. १० डिसेंबर २०२४ ला तिथे राज्यघटनेच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले, धरपकड झाली. १५ डिसेंबरला सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. वडार समाजातला होता, कायद्याचा विद्यार्थी होता. गुन्हा नोंदवला जावा म्हणून त्याच्या आईला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाचं दार ठोठावावं लागलं, तेव्हा जुलै २०२५ मध्ये तसा आदेश मिळाला. आपण म्हणाल, म्हणूनच तर विद्यार्थ्यांनी लांब राहावं. मी त्यातून वेगळंच शिकले. आमच्यातल्या कुणाला 'लांब राहणं' परवडतं असं मानणं, हीच मुळात दुसऱ्या कुणाची तरी सोय आहे.

एक तक्रार मी वेगळी काढून ठेवली आहे, कारण तिला उशीर चालणार नाही. केंद्राला कुलूप लावताना कपाटातलं नोंदवही-रजिस्टर ऑफिसात नेलं गेलं. त्यात वस्तीवरच्या बायकांनी सांगितलेल्या गोष्टी आहेत. कुणी कुणाला मारलं, कोण किती वाजता घरी होतं, कुणाचा नवरा कुठे लपला होता. आम्ही त्यांना शब्द दिला होता की हे वकिलांशिवाय कुणी वाचणार नाही. २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधलं गोपनीयतेचं संरक्षण वकिलाला आणि त्याच्या कारकून-नोकरांना आहे, विद्यार्थ्याला नाव घेऊन दिलेलं नाही. म्हणजे ते रजिस्टर ऑफिसच्या टेबलावर जितके दिवस पडेल तितके दिवस त्या माणसांना धोका. कुणी मागितलं तर आपण देणार का, हे आम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

म्हणून मागण्या. पहिली हीच: ते रजिस्टर मोहोरबंद करून केंद्राच्या वकिलांकडे या आठवड्यात सुपूर्द करावं आणि आजवर ते कोणी हाताळलं हे लेखी द्यावं.

परिपत्रक मागे घ्यावं. दुरुस्ती नको, मागेच घ्यावं. दोन्ही नोटिसा रद्द व्हाव्यात. माझ्यासोबत ज्याला नोटीस आली त्याच्या घरी पहिल्यांदाच कुणी बी.ए.च्या पुढे शिकतंय. टर्म अडकली तर त्याचं वर्ष जाणार, आणि वर्ष गेलं की वडील त्याला ऊसतोडीच्या टोळीत घालणार.

केंद्राच्या कामाची लेखी आचारसंहिता करावी आणि ती करताना आम्हाला आणि वस्तीवरच्या दोघा-तिघांना बोलवावं. केंद्राची फीत दंडावर असताना घोषणा द्यायच्या नाहीत, पक्षाच्या व्यासपीठावर बसायचं नाही, कुणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, पत्रकारांना अशिलाचं नाव सांगायचं नाही. यातलं बरंचसं आम्ही आजही पाळतो. फीत काढल्यावर मी कुठल्या मोर्चात जाते तो मात्र माझा प्रश्न, राज्यघटनेच्या कलम १९ ने दिलेला.

जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाशी रीतसर पत्रव्यवहार करून दोन पॅनेल वकील केंद्राला जोडून घ्यावेत. ओळखपत्रं द्यावीत, म्हणजे ठाण्यात 'तुम्ही कोण' या प्रश्नाला कॉलेजचं उत्तर असेल. आणि ज्येष्ठ प्राध्यापकांनी महिन्यातून एकदा तरी वस्तीवर यावं. चहा आम्ही पाजू.

संचालक मंडळाची पुढची बैठक महिनाअखेरीस आहे असं कळतं. हे पत्र विषयपत्रिकेवर घ्यावं आणि निर्णय काहीही झाला तरी तो कारणांसह लेखी कळवावा. तोवर शनिवारचं काम थांबणार नाही. कॉलेजचं नाव, बोर्ड, शिक्का यांतलं काहीही न वापरता, आमच्या त्या वकिलांच्या ऑफिसातून, कोर्टासमोरच्या झेरॉक्सच्या दुकानावरच्या मजल्यावरून ते चालू राहील. जिना अरुंद आहे, पण गेट नाही.

आपली नम्र,
विधी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, केंद्राची समन्वयक
(नाव आपल्याकडे नोटिशीवर आहेच.)